झडपेचा आवाज

"...मग रॅम किती लागेल, भन्तेजी? बत्तीस जीबी पुरेल, की चौसष्टच घेऊ?"

प्रश्न भन्ते सुमेध यांना होता. चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी ते पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवत. यशोधन रामटेके तेव्हाचा त्यांचा विद्यार्थी, वर्गात पहिला येणारा. आता घरूनच एका कंपनीचं काम करायचा. आज दुपारी लॅपटॉप घेऊन तो विहारात आला होता.

काम करताना त्याला आवाज लागत. खाली पाऊस, त्यावर नदी, त्यावर जळत्या लाकडांची तडतड, त्यावर हॉटेलातली कुजबुज. सगळं एकदम. ही सरमिसळ आपण स्वतः जुळवली आहे, हे त्याने जरा ऐटीतच सांगितलं. पण मशीनला ते झेपत नव्हतं. आवाज तुटायचे, मग सगळंच गोठायचं.

भन्तेंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. पंखा घरघरत होता. प्रत्येक आवाजासाठी वेगळी खिडकी उघडी होती, आणि प्रत्येकीत मागे व्हिडिओ चालू होता.

आवाज मिसळणं मशीनला जड नसतं, त्यांनी समजावलं. जड आहेत ते व्हिडिओ. नुसत्या आवाजाच्या फाइली उतरवून घे, एकाच ॲपमध्ये वाजव. आहे त्यात भागेल.

यशोधनला बरं वाटायला हवं होतं. त्याचा चेहरा उतरला. तरी नवीनच घेतो, तो म्हणाला. मध्येच बंद पडलेलं चालणार नाही... क्षणभरही नाही.

"घे. नवीन मशीन शांत असतं. पंखाही ऐकू येणार नाही."

यशोधनने हात लांबवून आवाज वाढवला.

भन्ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप बंद करायचं बटण दाबून धरलं. पाऊस गेला, नदी गेली. पंखा हळूहळू थांबला.

टिक... टिक... टिक...

भन्तेंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं.

मग यशोधनने अडखळत सांगितलं. गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, आतली झडप काढून कृत्रिम बसवली. ती वाजते. वाजायचीच, काळजीचं काही नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण खोली शांत झाली की त्याची बोटं कीबोर्डवर तशीच राहतात. एक टिक झाली की तो दुसरीची वाट बघत बसतो.

"मधली जागा, भन्तेजी... ती सहन होत नाही."

भन्ते पुढे सरकले. त्यांनी त्याच्या छातीला कान लावला.

यशोधन आक्रसला. मुंडण केलेल्या डोक्याचे खुंट सदऱ्यातून टोचत होते. आतली टिकटिक वाढली. म्हाताऱ्याला बाजूला सारावं, मशीन चालू करावं, असं त्याला फार वाटलं. हात अर्धवट उचललाही गेला...

भन्ते हलले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते.



"भन्तेजी," शेवटी तो बारीक आवाजात म्हणाला, "थांबलं तर?"

भन्तेंनी कान काढला नाही.

"ते मला ऐकू येईल... तुला नाही."