धीर एक, वेग बत्तीस

यातला एक शब्द खरा मानून दाखव, मग तुला मानलं. नाहीच मानणार तू. तरी ऐक.

"झाले? लाख?" येसूबाबांनी विचारलं.

"झाले," गुळवे म्हणाला.

"सकाळी तर बसलास."

"हो. आणि नैवेद्याच्या आत उठलोसुद्धा."



आता हा गुळवे कोण, तर विद्याधर गुळवे, पुण्याचा. पन्नाशीचा बाप्या. पंचवीस वर्षं कंप्युटर दुरुस्त करून मान अशी ताठ झालेली, की नमस्कारालासुद्धा कमरेतून वाकायचा, मानेतून नाही.

त्याला बाबांचा अनुग्रह हवा होता. कानात मंत्र. आणि तोही आजच, कारण उद्यापासून चातुर्मास. टेकडीवरच्या त्या मठात बाबा चार महिने मौन धरून बसणार. वय चौऱ्याऐंशी. चार महिन्यांनी मौन सुटेल का बाबाच सुटतील, कोणी सांगावं.

अनुग्रहाआधी लाख वेळा रामनाम लिहायचं, ही मठाची रीत. पूर्वी वह्यांत लिहायचे. त्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. वाळवी तरून गेली, लिहिणारे राहिले. मग कोणा भक्तानं घरातली अडगळ काढली आणि एक जुना कंप्युटर मठात आणून टाकला. इतका जुना, की त्यात चित्रं नाहीत, ते फिरवायचं माऊस नाही, नुसता काळा पडदा अन् पांढरी अक्षरं. काही करायचं झालं तर हुकूम लिहून द्यायचा. मराठी त्याला येत नाही. आर, ए, एम लिहायचं. रामाला चालतं.

एकेक नाव लिहिणाऱ्याला लाखाला दोन-तीन महिने सहज लागत.

"कसे केलेस?" बाबांनी विचारलं.

गुळव्याला हेच हवं होतं.

"सोपं आहे, बाबा. दोन हुकूम दिले. पहिला, हे एक बटण दाबलं की अख्खं नाव उमटव. दुसरा, बटण दाबून धरलं की नावामागून नाव काढत राहा. रेट बत्तीस, म्हणजे सगळ्यात जास्त वेग. डिले एक, सगळ्यात कमी."

"डिले म्हणजे?"

"बटण दाबून धरल्यावर, पुन्हा पुन्हा उमटवायला लागायच्या आधी मशीन जेवढं थांबतं ते. विलंब."

"धीर म्हण की," दारातून सुंद्राक्का म्हणाली. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे. "आणि माझा वरवंटा कोणी उचलला ते आधी सांगा. चटणी खोळंबलीय."

तिघांनी मशीनकडे बघितलं. वरवंटा तिथं होता. नाक बटणावर, पाठ उशीला टेकलेली, नव्या जावयासारखा. लाख होऊन गेले तरी पडद्यावर नावं धावतच होती.

"तू बसला होतास ना?" बाबा म्हणाले.

"मी... लक्ष ठेवून होतो."

"हं."

बाबा उठले. वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यात गुंडाळला, बारशाला गुंडाळतात तसा. सुंद्राक्काला वाटलं, आता पाळण्याखालून इकडून तिकडे देतात की काय. पण बाबांनी त्याच्या टोकाशी तोंड नेलं आणि हळूच पुटपुटले. बराच वेळ पुटपुटले.

मंत्र गेला तिकडे.

बाबांनी ते गाठोडं सुंद्राक्काच्या हातात दिलं.

"आता याच्यानं चटणी वाटू का याच्या पाया पडू?" ती म्हणाली.

"चटणी वाट. अनुग्रह झाला म्हणून कोणी काम सोडत नाही."

ती गेली. उपरण्यासकट.

"आणि मी, बाबा?" गुळव्याचा आवाज पार खाली आला होता.

"तू एक लिही."

"एक लाख?"

"एक."

गुळवे बसला. पडदा पुसला. एवढंच ना, असं वाटून त्याला जरा हसूही आलं. त्यानं बटण दाबलं.

पाच नावं उमटली.

त्यानं पुसली. आता जपून... दुधावर साय धरलीय का बघायला बोट टेकवावं, तसं टेकवलं.

नऊ.

जितकं जपावं तितकं बोट जास्त रेंगाळायचं, आणि मशीनला तर धीरच ठेवला नव्हता. तिसऱ्या खेपेला बोट चिकटूनच राहिलं आणि अर्धा पडदा भरला. चौथ्याला बोट वरच थांबलं. खाली येईना.

आत पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज सुरू झाला. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते...

"मशीनचं चुकत नाही," गुळवे हळूच म्हणाला. "मी दिलेला हुकूम चुकलाय."

बाबांनी डोळे उघडले.

"धीर वाढवतो, बाबा. एक ते चार, कितीही ठेवता येतो. किती ठेवू?"

बाबांनी चार बोटं दाखवली.

"चार. म्हणजे बरोबर एक सेकंद."

"महिने," बाबा म्हणाले.

संपली गोष्ट. बघतोस काय? जा आता.