काजळलेला पेला

एकदा एका शाळेत पदार्थविज्ञानाचे एक वृद्ध शिक्षक होते. प्रकाश आणि उष्णता शिकवावी ती त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. शाळेने त्यांचा सत्कार केला, चांदीचे दोन पेले दिले. त्याच समारंभात, पाहुण्यांच्या देखत, एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "प्रयोग नेहमी सरच करतात. आम्ही नुसते बघतो आणि वहीत उतरवतो. असे का?"

शिक्षकांनी गळ्यातला हार नीट केला आणि पाहुण्यांकडे वळले. मुख्याध्यापकांनी मात्र दुसऱ्या दिवशी तिला बजावले, वर्गासमोर सरांची माफी माग, नाहीतर प्रयोगशाळेत पाऊल टाकू नकोस.

ती प्रयोगशाळेत तासाला आली ती ओठ घट्ट मिटून. माफी मागायची नाही, हे ठरलेलेच होते. पण या खोलीखेरीज तिला शाळेत दुसरे काहीच प्रिय नव्हते, आणि ती खोली आज तिच्या हातून सुटणार होती. मुख्याध्यापक दारात वाट पाहत उभे होते.

शिक्षकांनी सत्काराचा एक पेला रॉकेलच्या चिमणीवर धरला आणि काळाकुट्ट होईपर्यंत फिरवला. मागून कोणी पुटपुटले, "हा पेला बघून काकू आज सरांना घरात घेत नाहीत." शिक्षक हसले नाहीत. दोन्ही पेले त्यांनी मोठ्या दिव्यासमोर सारख्या अंतरावर ठेवले. बऱ्याच वेळाने तिला म्हणाले, "पोरी, हात लावून बघ."

चकचकीत पेला जेमतेम कोमट होता. काळ्याला बोट टेकताच तिने हात मागे घेतला.

"दिवा दोघांना सारखाच मिळाला," शिक्षक म्हणाले. "या चकचकीत पेल्याने आलेला प्रकाश जवळजवळ सगळा परतवला. आपण ज्याला त्याचे तेज म्हणतो, ते त्याने नाकारलेले आहे. काळ्याने घेतले, म्हणून तो तापला. काल तुझा प्रश्न माझ्यापर्यंत पोचला होता. मी गळ्यात हार घालून बसलो होतो. मी तो परतवला."

"अहो सर, माफी तिने मागायची आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"तिने विचारले ते खरे आहे. खऱ्याची माफी कशी मागतात, ते मला शिकवता येणार नाही."

एवढे बोलून ते टेबलामागून निघाले आणि पहिल्या बाकावर मुलांत जाऊन बसले. "पुढचा प्रयोग कोण करतंय?"

ती भांडायला आली होती. भांडायला समोर कोणी उरले नव्हते. समोर होते ते रिकामे टेबल. ती सावकाश त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

मान मिळालेल्या प्रत्येकाने एवढे तपासावे, की आपल्याला अजून ऊब लागते, की आपण नुसतेच चमकतो.