राजाचा झगा आणि चाकराचे पाय

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा वाळवंटाच्या कडेला एकेका गावाला एकेक राजा असे, आणि तटाबाहेर तंबूंत मेंढपाळ राहत.

अशाच एका गावात एकच विहीर होती. राजाचा मेंढपाळांशी करार ठरला. त्यांनी गाव राखायचे, राजाने त्यांच्या मेंढ्यांना पाणी द्यायचे. करार पक्का करायची तिथली रीत मोठी कडक. वासरू कापून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवायचे आणि दोन्हीकडच्या प्रमुखांनी मधून अनवाणी चालायचे. शब्द मोडेल त्याची गत या वासरासारखी होवो, असा त्याचा अर्थ.

राजाला हे झोंबले. राजा असून कुणापुढे बांधून घ्यायचे म्हणजे काय? त्याने आपला झगा एका चाकराला घातला, तोंड झाकले आणि त्यालाच चालायला लावले. मेंढपाळांच्या म्हाताऱ्या नायकाला झग्याखालच्या भेगाळलेल्या टाचा दिसल्या. तरी तो त्या पायांच्या जोडीने शेवटपर्यंत चालला.

उन्हाळ्यात पाणी आटू लागले. राजाने विहिरीवर धोंडा बसवला. "वासराच्या मधून मी कुठे चाललो होतो?" तो हसून म्हणाला. चाकराला मात्र पायांखालच्या रक्ताचा विसर पडेना. तो आपल्या वाट्याचे पाणी बाहेरच्या कोकरांना पाजू लागला. राजाने त्याला पकडून वेशीतल्या खांबाला बांधले.

तेवढ्यात शेजारचा राजा सैन्य घेऊन चाल करून आला. राजा तटावरून ओरडला, "नायका, धाव. तू शब्द दिला आहेस."

"दिला आहे," म्हातारा खालून म्हणाला. "जो माझ्याबरोबर चालला त्याला. त्याला बाहेर आण."

"तो माझा चाकर आहे."

"असेल. तुझा-माझा करार झालेलाच नाही, राजा."

धूळ जवळ येत होती. भाल्यांची टोके दिसू लागली, तरी राजा चाकराला सोडायला तयार होईना. शेवटी गावकऱ्यांनी त्याला विचारायचे सोडले. त्यांनीच चाकराचे दोर कापले आणि वेस उघडली. चाकर म्हाताऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला, तसे मेंढपाळ गोफणी घेऊन पुढे सरसावले. दिवस मावळायच्या आत शत्रू पळाला.

चाकर परतला तो थेट विहिरीवर गेला. धोंडा त्याला एकट्याला हलेना, तेव्हा सारे गाव हात लावायला धावले. त्याच संध्याकाळी लोकांनी त्याला वेशीत राजा न्यायनिवाड्याला बसे त्या दगडी आसनावर बसवले. जुन्या राजाला कुणी हाकलले नाही. त्याचे ऐकणारे मात्र कुणी उरले नाही.

मंडळी, तात्पर्य एवढेच: जो स्वतः शब्दाला बांधला जात नाही, त्याच्यासाठी दुसरा कुणी शब्द पाळत नाही.