मानाच्या घोड्याला नियम नाही

फार फार पूर्वी, जनावरे माणसांशी बोलत आणि माणसे ऐकून न ऐकल्यासारखे करत, त्या काळी एक राज्य होते. तिथली घोड्यांची पैदास चहूकडे नावाजलेली होती. त्या पागेतले शिंगरू दारात असणे म्हणजे घराण्याची शान, असे लोक मानत.

या नावलौकिकामागे एक साधा नियम होता. बाहेरून कोणतेही जनावर आले की त्याने आधी महिनाभर नदीपलीकडच्या तबेल्यात एकटे राहायचे. त्याचे पाणी वेगळे, दाण्याचा तोबरा वेगळा, अंग घासायचा खरारासुद्धा वेगळा. पैदाशीचा घोडा असेल तर त्यानंतरही आधी एकाच घोडीशी जोडी लावून बघायची. ती ठणठणीत राहिली तरच त्याला पागेत जागा. ही खात्री करायची राजाच्या साळोत्र्याने, म्हणजे घोड्यांच्या वैद्याने.

पागेत एक कुमैत घोडी होती. अंग तांबूस, आयाळ काळी. लहानपणी आईपासून तोडून तिला इथे आणले, तेव्हा तिनेही तो महिना काढला होता. हाका मारून मारून तिचा घसा बसला, पण कुणी तिला आत घेतले नाही. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. आता ती गाभण होती. तिचे हे पहिलेच वेत. रवंथ न करणारे जनावर ते, पण पोटातल्या शिंगराचा विचार मात्र ती दिवसभर चघळत असे.

एके दिवशी शेजारच्या सम्राटाने राजाला एक पांढराशुभ्र घोडा भेट पाठवला. नगारे वाजले, वेशीवर तोरणे लागली. वाटेत घोड्याला ताप येऊन गेला होता, पाय सुजले होते. पण आता तो तकतकीत दिसत होता.

साळोत्री म्हणाला, "महाराज, आधी नदीपलीकडे..."

"सम्राटाच्या घोड्याला वाळीत टाकू?" राजा कडाडला. "रोग भटक्या तट्टांना होतात. खानदानी घोड्याला नाही!"

"जशी आज्ञा," साळोत्री म्हणाला आणि मागे सरला. एवढी विद्या, एवढी पदवी, आणि पाठीचा कणा पाहावा तर मेणाचा!

कुमैत घोडीला राहवले नाही. "महाराज, मी शिंगरू होते तेव्हा महिनाभर..."

"तू घोडी आहेस," राजा म्हणाला. "दाणा खा आणि गप्प राहा."

पांढरा घोडा वाजतगाजत थेट पागेत शिरला. त्याच आठवड्यात त्याच्या जोड्या लागल्या. आणि मग त्या घोड्यांचे, म्हणजे ज्यांना त्याच्या जोडीला लावले त्या माद्यांचे, डोळे लाल झाले, पाय सुजले, अंग तापले. त्यांचेच तोबरे मोतद्दारांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकरांनी, शेजारच्या गाभण घोड्यांच्या तोंडाला बांधले. नियमच मोडायचा, तर अर्धाच कशाला!

एकेक घोडी गाभडू लागली. एका सकाळी कुमैत घोडीच्या पायाशीही तिचे शिंगरू पडले. खूर आलेले, आयाळीची लव फुटलेली. श्वास तेवढा नव्हता. घोडी ते चाटत राहिली. मोतद्दाराने ते ओढून नेले, तरी ती जमीन चाटत राहिली.

राजा आला, बघून गेला आणि त्याने निकाल दिला, "या सगळ्या पांढऱ्या पायाच्या आहेत. हाकला नदीपलीकडे."

आणि पांढऱ्या घोड्याला? त्याला दृष्ट लागू नये म्हणून नवी जरीची झूल! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

निघताना घोडी साळोत्र्यासमोर उभी राहिली. "साळोत्रीबुवा, आधी त्याच्या जोडीच्या आजारी पडल्या, मग त्यांच्या तोबऱ्यातून आम्ही. तुम्हाला हे कळत नाही?"

साळोत्र्याने मान खाली घातली. "कळतं गं. पण मलाही मुलंबाळं आहेत."

"मलाही होणार होतं," घोडी म्हणाली.

नदीपलीकडे तो जुना तबेला ओस पडला होता. शेजारी एक माळीण मळा करून राहत होती. घोड्यांची दशा पाहून तिने आधी आपले तट्टू दूर नेऊन बांधले. मग तबेला झाडला, जुना पेंढा जाळला, नवा अंथरला. "रागावू नका गं बायांनो," ती म्हणाली, "पण धडधाकट होईपर्यंत माझ्या तट्टाजवळ फिरकायचं नाही."

घोड्या रागावल्या नाहीत. नियम त्यांना पाठच होता. हळूहळू ताप गेला, सूज उतरली, अंग भरले. मग माळिणीने तट्टू सोडले. बुटके, पोट सुटलेले, एक कान फाटका. त्याला ना नगारा, ना तोरण. पण वर्ष पालटले आणि नदीकाठी शिंगरे बागडू लागली. कुमैत घोडीच्या कुशीतही एक होते. हिंडताना सारखे तिच्याच पायात अडखळणारे.

इकडे राजाने नव्या घोड्या आणवल्या. त्याही गाभडल्या, त्यांनाही हाकलले. ओळीने तेच. शेवटी शिंगरांचे खिंकाळणे वाऱ्यावर ऐकू आले, तेव्हा राजा साळोत्र्याला घेऊन नदी ओलांडून आला. बघतच राहिला.

"या घोड्यांना आम्ही माफ केलं," तो म्हणाला. "शिंगरांसकट पागेत आणा."

"माफ?" कुमैत घोडी पुढे आली. "शिंगरू मेलं माझं, घर सुटलं माझं, आणि माफीही मलाच? त्या घोड्यावर माझा राग नाही, महाराज. आपल्या अंगात काय आहे ते त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले, आणि ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलं नाही. त्याला पैदाशीतून काढा. पागा धुऊन काढा. आणि भर चव्हाट्यावर सांगा, की दोष आमचा नव्हता, तुमचा होता. मग येऊ आम्ही."

"आणि जबरदस्तीनं नेलं तर?"

या वेळी साळोत्री बोलला. उशिरा का होईना, बोलला. "नेलंत तर ही शिंगरंही मरतील, महाराज. घोडा तोच आहे, त्याच्या अंगातला रोगही तोच."

पागा धुवायला राजा तयार होता. घोडा काढायलाही कदाचित झाला असता. पण राजा चुकला, हे प्रजेला राजानेच सांगायचे? ते काही त्याच्या घशाखाली उतरेना. तो रिकाम्या हाताने परतला.

पुढे पागेतले जुने घोडे म्हातारपणाने गेले. नवे कुणी पाठवेना. लोक घोडे घ्यायला माळिणीच्या मळ्यावर जाऊ लागले आणि एक दिवस राजाचा माणूसही तिथे येऊन उभा राहिला. त्या भल्यामोठ्या पागेत जरीची झूल पांघरून पांढरा घोडा तेवढा उरला. ज्याला एक महिना एकटे ठेवायची राजाला लाज वाटली, त्याने उरलेला जन्म एकट्याने काढला.

तात्पर्य : रोगाला मानपान कळत नाही; मोठ्यासाठी नियम मोडून दोष दुबळ्याच्या माथी मारला, की रोग घरातच मुक्काम ठोकतो.