साऱ्यांची एकच खूण

एका रानात खारींनी पावसाळ्यासाठी झाडाच्या बुंध्याशी ढोलीत दाणे साठवले होते. डोळ्यांनी अधू झालेले कासवकाका दार राखत. प्रत्येक खारीची खूण, म्हणजे दार उघडायचा शब्द, वेगळी, आणि ती काकांच्या कानातच सांगायची.

"एवढ्या खुणा कशाला? सगळ्यांना एकच ठेवा ना, काका!" चपळा खार रोज भुणभुण करी. शेवटी कंटाळून काकांनी मानलं.

मग चपळा घाईघाईत लांबूनच खूण ओरडू लागली. झुडपातल्या उंदराने ती ऐकली आणि सगळं गणगोत आणून ढोली रिकामी केली.

"येणारा प्रत्येक जण साऱ्यांची तीच खूण सांगत होता गं, म्हणून दार उघडलं," काका खालच्या आवाजात म्हणाले.

पावसात चपळाचं पिल्लू झाडाची साल चघळत म्हणालं, "आई, आपले दाणे कुणी नेले?"

चपळाने आपल्या वाटची साल त्याच्यापुढे सरकवली आणि काकांकडे जाऊन त्यांच्या कानात आपली जुनी, वेगळी खूण सांगितली.