महाराजांची मरळ आणि माझी अक्कल

"उद्या सूर्य मावळायच्या आत माझी मरळ मला दिसली पाहिजे! नाही दिसली, तर भोईवाडा तळ्याकाठून उठलाच म्हणून समज!"

बळवंतराजे गरजले आणि समोर उभ्या असलेल्या भिवा भोयाच्या तोंडचं पाणी पळालं. चूक त्याची नव्हती हो! चूक सगळी माझी. मी विसाजी, दरबारचा मत्स्याधिकारी. अकरा वर्षं हा हुद्दा मिरवला. त्या अकरा वर्षांत मी धरलेले मासे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातले दोन मेलेले तरंगत आले होते.

झालं असं, की कमळतळ्यात महाराजांना एकदा दोन हात लांब काळी मरळ दिसली. ती आपल्याच गळाला लागली पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. मी कणकेत केशर घालून गोळ्या वळल्या, वर अत्तराचा थेंब लावला. मरळ ढुंकून बघेना! मग मी अक्कल पाजळली.

"महाराज, या गवतात तिला आपला गळ दिसतच नाही. सगळं साफ करू!"

दोनशे माणसं लागली. कमळं उपटली, लव्हाळं कापलं, पाण्यात पडलेलं उंबराचं खोडसुद्धा ओढून काढलं. तळं असं लख्ख झालं की तळाचे खडे दिसावेत. खडे दिसले, मरळ काही दिसेना.

तळ्याच्या मधोमध खुंट्याला बांधलेली महाराजांची छताची होडी. दीड महिना रोज सकाळपासून आम्ही तीत बसून चहूकडे डोळे ताणत होतो. "कुठंय?" महाराज विचारायचे. "येईल, महाराज," मी म्हणायचो. शेवटी त्या दिवशी ते माझ्याकडे असे वळले, की माझ्या तोंडून निसटलं, "भोयांनी चोरली असेल!"

लगेच जीभ चावली. पण उपयोग काय? भिवाला बोलावणं गेलंसुद्धा.

"आम्ही न्हाई नेली, मायबाप!" भिवा हात जोडून म्हणाला.

"मग दाखव! आणि ऐक. जाळं टाकायचं नाही, पाण्यात पाय घालायचा नाही, तळं उपसायचं नाही!"

माझ्या एका थापेपायी चाळीस घरं उठणार होती. 'महाराज, मी खोटं बोललो,' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. भित्रा माणूस मी, लाज वाटते सांगायला.

तेवढ्यात भिवाची लेक पुढे झाली. गोजरा तिचं नाव.

"मी दाखवते, महाराज. उद्या भर दुपारी. तुम्ही रोजच्यासारखं होडीत बसा, मला संगं घ्या. एक काठी, एक गळ, दोरी, अन् एक बेडूक लागंल."

"बेडूक?" मी खो खो हसलो. "अगं, राजाच्या गळाला बेडूक लावतात का?"

"विसाजीनाना, गळ राजाचा हाय. पण खायचं मरळीला हाय!"

दरबारी खाली मान घालून हसले. मी हसायचा थांबलो.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. आम्ही मधोमध बांधलेल्या होडीत जाऊन बसलो. गोजरा म्हणाली, "आता घटकाभर कुणी हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. नानांनी तर अजिबात न्हाई!"

घटका गेली. तिने हळूच विचारलं, "महाराज, ती माशांची बारकी पिल्लं बघा. सगळ्या तळ्यात बागडत्यात. कुठं जात न्हाईत?"

महाराजांनी नजर फिरवली. "आपल्या होडीजवळ येत नाहीत!"

"का बरं भीत असतील?"

तिने काठी महाराजांच्या हातात दिली आणि गळाला लावलेला बेडूक होडीच्या अगदी कडेला, सावलीत सोडला. बेडकाने दोनदा तंगड्या झाडल्या. आणि पाणी असं उसळलं, की माझी पगडी भिजली!

"ओढा, महाराज, ओढा!"

महाराज ओढतायत, काठी वाकतेय, मी मधेच धडपडून महाराजांच्या पायावर बसलोय, असा गोंधळ! पण मरळ आली. दोन हात लांब, काळी, होडीत धपाधप शेपूट आपटणारी तीच मरळ!

"म्हणजे दीड महिना आम्ही हिच्या डोक्यावर बसून हिला शोधत होतो?" महाराजांनी आ वासला.

"जी. मरळ उन्हात फिरत न्हाई, महाराज. आडोशाला दबा धरून बसती अन् समोरनं गेलं ते गिळती."

"पण एवढं तळं सोडून तिने माझीच होडी का धरली?"

"काय करील बिचारी? बाकीचा आडोसा नानांनी काढून टाकला. एवढाच काढायचं त्यांच्या ध्यानात आलं न्हाई!"

महाराज असे हसले, असे हसले, की होडी डुलायला लागली! मला रडावं की हसावं कळेना. मग मीही हसलो आणि त्या हसण्यातच खरं सांगून टाकलं. "महाराज, चोरीची थाप माझी होती."

"ते आम्हाला आत्ताच कळलं!" महाराज डोळे पुसत म्हणाले. त्यांनी तळ्याचा सगळा काठ भोईवाड्याला इनाम दिला, लव्हाळं आणि कमळं परत लावायचा हुकूम सोडला, आणि माझ्या खांद्यावरची मत्स्याधिकाऱ्याची शाल काढून गोजराच्या खांद्यावर घातली.

"आणि या विसाजीचं काय करू, पोरी? हाकलू?"

"नगं, महाराज! नानांना माझ्यासंगं राहू द्या. ते बोट दाखवतील तेवढी जागा सोडून गळ टाकायचा. माझं निम्मं काम तिथंच होतंय!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले, आणि माझी नोकरी वाचली.