वाढवणे आणि बंद करणे

शके अठराशे एकोणऐंशी, मार्गशीर्ष मास, हेमंत ऋतू. पेठेच्या एका गावी एक वृद्ध वैद्य होते आणि त्यांच्याच हाताखाली शिकून काही वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला त्यांचा एक शिष्य होता. त्या वर्षी थंडी लवकर उतरली होती आणि घरोघरी खोकला शिरला होता. कुंभाराची पाच वर्षांची मुलगी तर खोकताखोकता निळी पडे. तिची आई रोज सकाळी शिष्याच्या ओसरीवर येऊन बसे आणि औषधाची वाट पाही.

औषध कोणते हे शिष्य जाणत होता, पण ते करायला लागणारी द्रव्ये त्याच्यापाशी नव्हती. अडुळसा परसात होता. जुनी होईल तशी गुणकारी होणारी पिंपळी, काकडशिंगी आणि ज्येष्ठमध मात्र पेठेतल्या काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडेच मिळत. हाती रोकड नव्हती, कारण रोगी सुगीनंतर पैसे देत. पूर्वी अशा वेळी व्यापारी उधार देई. सहा वर्षे त्याने दिले होते. शिष्याला गावात कोणी ओळखत नव्हते तेव्हापासून.

मग अडले कोठे? कार्तिकात एका सावकाराच्या घरून शिष्याला भरघोस दक्षिणा मिळाली होती. त्याच पावली तो दुकानात गेला, सारी बाकी चुकती केली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "शेटजी, माझे खाते बंद करा. यापुढे कोणाच्या उपकारात राहणे नाही."

"वैद्यबुवांना पंख फुटले," कोणी गिऱ्हाईक हसले. शिष्यही हसला होता. व्यापारी हसला नव्हता.

आता शिष्य पुन्हा उधारी मागायला गेला, तेव्हा व्यापारी तराजूवरची नजर न काढता म्हणाला, "वैद्यराज, खाते आपण बंद केलेत. नवे काढायचे तर नवख्या माणसाची रीत पाळा. कोणा भल्या माणसाची हमी आणा."

शिष्य थेट गुरूंकडे गेला. गुरूंनी सारे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "मी हमी देणार नाही."

"गुरुजी, मुलगी गुदमरते आहे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी तरी."

"तिच्यासाठी माझ्याकडची पिंपळी ने. दोन दिवस पुरेल. आणि उद्या दुपारी माझ्याबरोबर पेठेत चल."

दुसऱ्या दिवशी दोघे पोहोचले, तेव्हा व्यापारी जेवणाच्या वेळेस दुकानाच्या फळ्या लावीत होता. हमाल पायरीवर बसले होते. गुरूंनी मोठ्या आवाजात विचारले, "काय शेटजी, दुकान बंद केलेत?"

व्यापाऱ्याचा हात फळीवरच थांबला. शिष्याने मान खाली घातली. एवढ्या विद्वान माणसाला साधा शिष्टाचार ठाऊक नसावा?

"बुवा, आपण जाणते. वाढवले म्हणावे."

"अर्थ एकच ना? फळ्या तर त्याच लागतात."

"फळ्या त्याच," व्यापारी म्हणाला, "पण दिवाळे निघालेला दुकान बंद करतो. ज्याला पुन्हा उघडायचे असते तो वाढवतो. आमच्या आजोबांपासून या उंबऱ्यावर तो शब्द कोणी..." बोलता बोलता त्याची दृष्टी शिष्याकडे गेली आणि वाक्य अर्धेच राहिले.

गुरूंनी सर्वांसमक्ष हात जोडले. "चुकलो, शेटजी. जीभ घसरली."

"असे कसे, बुवा! बसा ना. पाणी आणतो," व्यापारी लगबगीने म्हणाला.

परत येताना शिष्य म्हणाला, "आपण ते मुद्दाम केलेत."

"होय. तू ऋण फेडलेस ते उत्तमच केलेस. ऋण फार दिवस ठेवू नये. पण ऋण वेगळे आणि पत वेगळी. ऋण पैशाने फिटते. पत म्हणजे दुसऱ्याने तुझ्यावर टाकलेला विश्वास. तो तुझा नव्हे, त्याचा असतो. त्याची वस्तू चारचौघांत तू मोडीत काढलीस. आज मी हमी दिली असती, तर औषध मिळाले असते ते माझ्या नावावर. तुझे नाव त्या दुकानी होते तसेच परके राहिले असते."

"मग मी काय करू?"

"मी काय केले ते तू पाहिलेस," गुरू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य दुकानात गेला. गर्दी होती. एकांताची वाट पाहावी असे एकवार त्याच्या मनात आले. पण तो शब्द काही एकांतात उच्चारला गेला नव्हता. तो पुढे झाला.

"शेटजी, चार माणसांत बोललो होतो, म्हणून चार माणसांतच सांगतो. पैसे फेडले ते बरोबर होते. बोललो ते चूक होते. सहा वर्षे तुम्ही सांभाळलेत, आणि मी त्याला उपकाराचे ओझे म्हटले."

व्यापाऱ्याने हातातले धणे तोलले, पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली. शिष्य उभाच होता. मग व्यापाऱ्याने मागच्या फळीवरचा डबा खाली उतरवला आणि झाकण उघडीत नेहमीच्या आवाजात विचारले, "पिंपळी जुनी बांधू की नवी?"

"जुनी," शिष्य म्हणाला. काकडशिंगी आणि ज्येष्ठमधही बांधून व्यापाऱ्याने सारे त्याच्या खात्यावर मांडले.

चूर्ण दुपारीच कुटून झाले आणि त्याची पहिली मात्रा मुलीला मधातून चाटवली गेली. तो दिवस मार्गशीर्ष वद्य अष्टमीचा होता.